तेलाच्या कड्या

माझा पहिला स्वतःचा बोलिंग बॉल आवाज करायचा. हातातून सुटल्यावर अर्ध्या लेनपर्यंत गुपचूप जायचा, आणि तिथून पुढे टकटकटकटक असा, लांबवर शिवणयंत्र चालावं तसा बारीक आवाज काढत पिनांकडे निघायचा. आवाज सुरू झाला की त्याची वाटही बिघडायची. एखाद्या फेकीला नको इतका वळायचा, पुढच्या फेकीला वळायचंच विसरायचा. बॉल ड्रिल करून देणाऱ्या दुकानात विचारलं तर "सवय होईल" एवढंच उत्तर मिळालं. शेवटी शेजारच्या लेनवर खेळणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांना राहवलं नाही. बॉल परत आला तसा मी सवयीने फडकं घेऊन पुढे झालो, तर त्यांनी मला थांबवलं. "पुसू नका. आधी वाचा तरी." त्यांनी बॉल उचलला, दिव्याखाली तिरका धरला आणि म्हणाले, "हा बघा, तुमच्या अंगठ्याच्या भोकावरून चाललाय."

बॉलच्या निळ्या चकचकीत अंगावर तेलाच्या गोल रेघा उमटल्या होत्या. बांगड्या हातात चढवाव्यात तशा एकीशेजारी एक, साधारण अर्ध्या-अर्ध्या इंचावर. एका जागी सगळ्या गोळा होऊन एकमेकींना छेदत होत्या आणि तिथून जपानी पंख्यासारख्या उलगडत गेल्या होत्या. त्यांतल्या सहाव्या की सातव्या कडीने अंगठ्याच्या भोकाची कड गाठली होती. दर फेकीनंतर मी जे तेल घाण समजून पुसत होतो, त्यात बॉलच्या प्रत्येक फेऱ्याची नोंद होती.

या प्रकरणात त्या नोंदीबद्दल लिहायचं आहे. दुकानातून आलेला नवा बॉल हा अर्धवट तयार झालेला बॉल असतो. त्याला भोकं पडतात तेव्हा तो पुरा होतो, आणि पुरा होतो तो एकाच माणसाच्या हातासाठी. हे मला पटायला दोन वर्षं लागली. ते पटल्यानंतर या खेळाकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

आपल्याकडे बहुतेकांची बोलिंगशी ओळख मॉलमध्ये होते. भाड्याचे बूट, रॅकवर ठेवलेले रंगीबेरंगी बॉल, त्यांतला बोटं जेमतेम शिरतील असा एक उचलायचा आणि सरळ फेकायचा. हे बॉल कडक पॉलिएस्टरचे असतात आणि कुणाच्याही हातात बसावेत म्हणून कुणाच्याच हातात नीट न बसतील असे ड्रिल केलेले असतात. ते सरळच जातात. टीव्हीवर व्यावसायिक खेळाडूचा बॉल गटरच्या काठाकाठाने जाऊन शेवटच्या पंधरा-वीस फुटांत आत वळतो, तेव्हा हे मनगटाचं काहीतरी गुपित असावं असं वाटतं. मनगट त्यात आहेच. पण निम्मं काम मनगटापाशी संपतं.

आधी लेनविषयी. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत 60 फूट, रुंदी साडेएक्केचाळीस इंच, आडव्या मापाने 39 पट्ट्या. बघणाऱ्याला ही लेन एकसारखी गुळगुळीत दिसते, पण तिच्यावर तेल असतं. एक यंत्र लेनवरून फिरतं आणि साधारण पहिल्या 40 फुटांवर तेलाचा पातळ थर देतं. सगळं मिळून 20 ते 30 मिलिलिटर, घरी पोहे परतायला घेतो तेवढं. मॉलमधल्या लेनवर ते मध्यभागी जास्त आणि कडांना कमी असतं. पूर्वी लेन लाकडाच्या असायच्या आणि जड बॉल आपटून, घासून लाकूड खराब होऊ नये म्हणून तेल लावत. आज लेन कृत्रिम पदार्थाच्या झाल्या तरी तेल राहिलं, कारण तोवर सगळा खेळच त्यावर उभा राहिला होता. पहिला मोठा भाग निसरडा आणि शेवटचा कोरडा, हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

बॉल वळवायचा कशासाठी? उजव्या हाताचा खेळाडू पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या फटीत, म्हणजे पॉकेटमध्ये, बॉल घालायला बघतो. नेमका बसलेला स्ट्राइक हळू करून पाहिला तर कळतं की बॉल स्वतः दहापैकी चारच पिनांना शिवतो: पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. पण एकेक पिन दीड किलोहून जास्त वजनाची असते आणि बॉल जास्तीत जास्त सव्वासात किलोंचा, त्यामुळे पहिल्या धडकेलाच तो बाजूला ढकलला जातो. पाचव्या पिनपर्यंत पोचायचं तर त्याला आत शिरण्याचा कोन हवा. सरळ बॉल लेनच्या अगदी कडेवरून टाकला तरी हा कोन एक-दीड अंशापलीकडे जात नाही. लेनच तेवढी अरुंद आहे. खेळाडूंना हवा असतो चार ते सहा अंशांचा कोन, आणि तो मिळवायला बॉलने शेवटी वळायलाच पाहिजे.

आता तो वळतो कसा ते पाहू. चांगल्या खेळाडूच्या हातातून बॉल सुटतो तेव्हा वेग असतो सेकंदाला साधारण साडेसात मीटर. बॉलचा घेर 27 इंचांच्या आसपास. म्हणजे नुसतं चाकासारखं लोळत जायचं असेल तर त्याला मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे घ्यावे लागतील. हाताने त्याला मिळतात तीनशे, साडेतीनशे. उरलेली तूट असते, म्हणून तो घसरतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबलेली गाडी चाकं पुरती न फिरता पुढे सरकते तसा. तेल असेपर्यंत घर्षण कमी, त्यामुळे ही तूट फारशी भरून निघत नाही. कोरडा भाग लागला की लेन बॉलला पकडते, त्याचा वेग थोडा कमी करते आणि फेरे वाढवते. एका क्षणी दोन्हींचा मेळ बसतो आणि बॉल खराखुरा लोळायला लागतो. घसरणं, वळणं, लोळणं अशा या तीन अवस्था आणि सगळा प्रवास जेमतेम अडीच सेकंदांचा.

मधली वळण्याची अवस्था येते ती फिरकी तिरकी असल्यामुळे. बॉल जिकडे चाललाय त्या दिशेतच फिरत असेल तर घर्षण त्याला फक्त मागेपुढे ओढेल. पण सोडताना बोटं बॉलच्या मागून उजव्या बाजूला आली, तर फिरकीचा अक्ष तिरका होतो. मग लेनला टेकलेला बिंदू थोडा आडवाही घसरतो, आणि घर्षण त्याच्या उलट, म्हणजे डावीकडे, ढकलतं. उजव्या हाताच्या लेगस्पिनरचा चेंडू टप्पा पडल्यावर ज्या बाजूला वळतो तीच ही बाजू. फरक एवढाच की क्रिकेटच्या चेंडूला वळायला एक टप्पा मिळतो आणि इथे वीस फूट. बिलियर्डच्या टेबलावर असा तिरक्या फिरकीचा चेंडू परवलयाकार वाटेने जातो, हे कोरिओलिसने 1835 मध्ये बिलियर्डवरच्या आपल्या पुस्तकात मांडलं होतं. बोलिंगच्या लेनवर तो परवलय शुद्ध राहत नाही. तेलात वाट जवळजवळ सरळ असते आणि कोरड्यावर एकदम वाकते, हॉकी स्टिकसारखी.

बॉलवरच्या कडीकडे आता परत येऊ. बॉल फिरतो तेव्हा त्याच्या अंगावरचं एक वर्तुळ लेनला टेकतं. हा त्याचा ट्रॅक. या ट्रॅकवरून हात ओळखता येतो. अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांच्या मधून जाणारी, बॉलचा पूर्ण घेर व्यापणारी कडी असेल तर तो फुल रोलर. कडी अंगठ्याच्या आणि बोटांच्या डाव्या बाजूने, भोकांजवळून जात असेल तर तो आज सगळ्यांत जास्त दिसणारा सेमी रोलर. कडी खाली खाली सरकत लहान झाली असेल तर स्पिनर. याचं टोक बघायचं तर तैवानमध्ये रुजलेली यूएफओ शैली बघावी. दहा-अकरा पौंडांचा हलका बॉल भोवऱ्यासारखा जवळजवळ उभ्या अक्षावर फिरवत सोडतात. ट्रॅक वाटीच्या बुडाएवढा. तो बॉल वळत नाही, पण पहिल्या पिनला लागून बाजूला जाताना पिना एकमेकींवर अशा काही ढकलतो की पाहत राहावं. अमेरिकेतल्या शाळेत शिकलेल्या प्रशिक्षकांनी या शैलीला बरीच वर्षं नाकं मुरडली. मला ती फार देखणी वाटते. निसरड्या, दर लेनला बदलणाऱ्या तेलाची फिकीरच नको, असा विचार करून कुणीतरी ती घडवली असणार.

ट्रॅकच्या वर्तुळाला जसा मध्य असतो तसा बॉलच्या पृष्ठभागावर फिरकीच्या अक्षाचा टोकबिंदू असतो. पृथ्वीला ध्रुव तसा. उजव्या हाताच्या खेळाडूचा हा बिंदू पकडीच्या मध्यापासून उजवीकडे साधारण पाच इंचांवर आणि थोडासा वर सापडतो. खेळाडू त्याला पीएपी म्हणतात. तो शोधायची एक पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात यंत्र काहीच लागत नाही. अंदाजाने बॉलवर पांढऱ्या टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवायचा आणि कुणालातरी बाजूला उभं करून बॉल टाकायचा. टेप हवेत छोटं वर्तुळ काढताना दिसली तर जागा चुकली. थोडी सरकवायची आणि पुन्हा टाकायचा. चार-पाच फेकींत अशी जागा सापडते की सगळा बॉल गरगर फिरतोय आणि तो पांढरा ठिपका मात्र स्थिर आहे. ध्रुवतारा सापडावा तसा आनंद होतो. हा बिंदू तुमचा असतो. तुमच्या भावाचा, मित्राचा, प्रशिक्षकाचा वेगळा.

आणि कड्या अनेक का? फेरे बारा-चौदा, मग ट्रॅक एकच का नाही? याचं उत्तर बॉलच्या पोटात आहे.

पूर्वी पोटात काही नव्हतं. एकोणिसाव्या शतकात बॉल लिग्नम व्हिटे नावाच्या अतिशय जड लाकडाचे होते. 1905 मध्ये रबराचा बॉल आला, 1914 मध्ये ब्रन्सविक कंपनीने मिनरलाइट हा कडक रबराचा बॉल काढला, पुढे पॉलिएस्टर. त्या काळी भोकं पाडली की तेवढं वजन कमी व्हायचं आणि बॉल एका बाजूने हलका पडायचा. तीन भोकांतून तीन-चार औंस माल निघतो. त्याची भरपाई म्हणून पकडीच्या जागेखाली जड पदार्थाची एक भाकरीसारखी चकती बसवायला लागले. म्हणजे गाभ्याचा जन्मच भोकांमुळे झाला. मग खेळाडूंच्या लक्षात आलं की ही चकती मध्यापासून थोडी सरकवून भोकं पाडली तर बॉल वेगळा वागतो. कितीतरी वर्षं सगळी चर्चा औंसांची होती. अमुक बाजूला अर्धा औंस जास्त, अंगठ्याकडे पाव औंस कमी. सोळा पौंडांच्या बॉलमध्ये 256 औंस असतात, त्यांत एक इकडचा तिकडे झाला तर काय मोठं होणार? यूएसबीसी, म्हणजे अमेरिकेतल्या या खेळाची नियामक संस्था, तिने पुढे बॉलच्या चालीचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा या औंसांचा प्रभाव यादीच्या तळाशी निघाला.

खरा बदल झाला तो गाभ्याच्या आकाराने. 1980च्या दशकात पॉलियुरेथेन आणि 1990च्या दशकाच्या सुरुवातीला रिअॅक्टिव्ह रेझिन ही आवरणं आली. दुसऱ्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं असतात, ती तेल शोषून घेतात आणि कोरड्या भागात लेनला घट्ट धरतात. त्याच सुमाराला पोटातल्या चकतीची जागा बल्बच्या, डमरूच्या, घंटेच्या आकाराच्या जड गाभ्यांनी घेतली. अशा गाभ्यांच्या मागे आयुष्य घालवलेल्यांत मो पिनेल हे नाव मोठं. 2021 मध्ये त्यांचं निधन झालं. बॉल कसा ड्रिल करायचा हे अंदाजावर न ठेवता कोनांत आणि इंचांत लिहायची जी ड्युअल अँगल पद्धत आज वापरात आहे, ती त्यांची.

गाभा काय करतो हे समजायला विटी घ्या. विटीदांडूतली, दोन्हीकडे टोकदार. ती एका मातीच्या गोळ्यात मधोमध पुरली आहे अशी कल्पना करा. हा गोळा तीन तऱ्हांनी फिरवता येईल. विटीच्या लांबीभोवती फिरवला तर तो स्थिर फिरेल, आणि झटकन वेगही घेईल, कारण जडपणा अक्षाजवळ आहे. दुसरी तऱ्हा म्हणजे विटी उडताना कोलांट्या खाते तशी, टोकावर टोक. तेव्हाही तो स्थिर फिरेल, फक्त वेग घ्यायला जड जाईल. तिसरी तऱ्हा म्हणजे विटी तिरकी. तेव्हा गोळा डुलतो. अक्ष बॉलच्या अंगावर एका जागी टिकत नाही, दर फेऱ्याला थोडा सरकतो, आणि त्याच्याबरोबर ट्रॅकही सरकतो. प्रत्येक फेऱ्याची कडी आधीच्या कडीशेजारी पडते. यालाच ट्रॅक फ्लेअर म्हणतात. फ्रेंच गणिती पॉइन्सो याने 1834 मध्ये मोकळ्या फिरणाऱ्या वस्तूंच्या अशा डुलण्याची भूमिती मांडली होती.

या डुलण्याचा फायदा साधा आहे. कडी एकच असती तर पहिल्या फेऱ्याला तेल लागलेला भागच पुढच्या प्रत्येक फेऱ्याला लेनला टेकला असता, आणि कोरड्या लेनवरही तेलकट पट्टाच घासत राहिला असता. फ्लेअर असलेला बॉल दर फेऱ्याला कोरडं, ताजं अंग पुढे करतो. कोरड्या भागात शिरताना कोरडा पृष्ठभाग टेकतो आणि पकड बसते.

विटी किती तिरकी हवी? बॉलवर एक रंगीत ठिपका असतो, त्यालाही पिनच म्हणतात. साच्यात बॉल ओतताना गाभा एका दांडीवर तोलून धरलेला असतो. दांडी काढल्यावर राहिलेलं भोक रंगीत प्लास्टिकने भरतात, तो हा ठिपका, गाभ्याच्या डोक्याची खूण. ड्रिल करणारा ती पिन तुमच्या अक्षबिंदूपासून किती इंचांवर ठेवायची हे ठरवतो. पिन थेट अक्षबिंदूवर ठेवली तर विटी लांबीभोवती फिरते, फ्लेअर शून्य. घेर 27 इंच, त्याचा पाव पावणेसात. पिन पावणेसात इंचांवर नेली तर विटी कोलांट्या खाते, फ्लेअर पुन्हा शून्य. या दोन्हींच्या बरोबर मध्ये, तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंचांवर, विटी 45 अंशांत तिरकी असते आणि फ्लेअर सगळ्यांत जास्त. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी वही काढून गणित करून पाहिलं. गाभ्याच्या लांब आणि आखूड अक्षांतला फरक वापरून दर फेऱ्याला अक्ष किती सरकेल ते काढलं. चांगल्या आधुनिक बॉलसाठी उत्तर आलं अर्ध्या इंचाच्या जवळ. माझ्या निळ्या बॉलवरच्या कड्या मोजपट्टीने मोजल्या. अर्धा इंच. त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

गाभ्याच्या अक्षांतल्या या फरकाला डिफरन्शियल म्हणतात आणि यूएसबीसीने त्याला 0.060 इंचांची मर्यादा घातली आहे. गाभा तीन दिशांना तीन वेगळ्या मापांचा असला तर प्रकरण अधिक गुंतागुंतीचं होतं. वहीला रबरबँड लावून हवेत तिन्ही तऱ्हांनी फिरवून टाकली तर एका तऱ्हेत ती हमखास उलटते, तो हा नियम. असे असममित गाभे जोरकस वळतात, पण ड्रिल करताना चूक झाली तर तीही जोरकसच दिसते.

आता भोकांची खरी कामगिरी. भोक म्हणजे काढून घेतलेला माल, आणि माल कुठून काढला यावर गाभ्याची मापं बदलतात. बोटांची भोकं पिनवरच पाडली तर विटीचं डोकंच थोडं कापलं जातं, ती आखूड होते, फ्लेअर कमी होतो. पिनपासून पाव घेरावर, विटीच्या कमरेजवळ खोल भोक पडलं तर कंबर बारीक होते, विटी जास्त लांबट ठरते, फ्लेअर वाढतो. ही गोष्ट हेरून खेळाडू बोट न घालायचं एक चौथं भोक पाडून घ्यायचे. अक्षबिंदूच्या आसपास कुठे पाडायचं, किती खोल, याचं एक शास्त्रच तयार झालं होतं. 1 ऑगस्ट 2020पासून यूएसबीसीने ते बंद केलं. आता प्रत्येक भोकात प्रत्येक फेकीला बोट असलं पाहिजे. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टे दोन हातांनी, अंगठा न घालता खेळतो, आणि त्याच्यामागून जगभरची पोरं तसं खेळायला लागली. त्यांच्या बॉलला वापरात नसलेलं अंगठ्याचं भोकही आता चालत नाही. मला हा नियम रास्त वाटतो. भोक हातासाठी असतं, ही जुनी ओळख त्याने परत आणली.

पिन बोटांच्या वर ठेवली तर बॉल साधारणपणे उशिरा आणि तिखट वळतो, खाली ठेवली तर लवकर आणि सावकाश. चांगला ड्रिलर यातलं काहीही तुम्हाला विकायच्या आधी तुमची फेक बघतो. वेग जास्त आणि फेरे कमी असलेल्या माणसाचा बॉल लेनभर घसरतच राहतो, त्याला लवकर पकडणारी रचना लागते. मनगट तेज असणाऱ्याला उलट. त्याचा बॉल लवकर पकडला तर वळून, लोळून, पॉकेटपर्यंत पोचेतो थंड झालेला असतो, आणि पाचवी पिन उभी राहते. मित्राच्या बॉलवर त्याची भोकं जिथे आहेत तशीच आपल्या बॉलवर पाडून घेणं ही नेहमीची चूक. त्याचा अक्षबिंदू चार इंचांवर, तुमचा पाचवर. त्याच्यासाठी पिन साडेचार इंचांवर बसली असेल तर तुमच्यासाठी ती साडेतीन-साडेपाच कुठेही असू शकते. बॉल तोच, भोकं तीच आणि वाट मात्र परक्याची.

ड्रिलिंगला मी फार मोठेपण देतोय असं वाटू नये म्हणून सांगतो. यूएसबीसीच्याच अभ्यासात सर्वांत वरचा क्रमांक पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचा होता. बारीक सँडपेपरचा हात फिरवून बॉलची चाल बदलते तेवढी पिन इंचभर हलवून बदलत नाही. तरी ड्रिलरशिवाय पान हलत नाही, कारण पकड बसली नाही तर बाकी सगळी भूमिती वाया जाते. अंगठा आणि बोटं यांतलं अंतर, म्हणजे स्पॅन, पाव इंच जास्त झाला तरी हात ताणला जातो. भोकाचा तिरकेपणा चुकला तर अंगठा अडकतो किंवा बॉल गळून पडेल या भीतीने माणूस दाबून धरतो. दाबून धरला की सुटताना हात वळतो, हात वळला की अक्षबिंदू बदलतो, आणि ज्या बिंदूसाठी सगळी मापं घेतली तोच बिंदू जागेवर राहत नाही.

माझंही तेच झालं होतं. दुकानदाराने माझी एकही फेक न बघता सरासरी अक्षबिंदू धरून बॉल ड्रिल केला होता. माझा ट्रॅक सरासरीपेक्षा वर, अंगठ्याला चिकटून जाणारा. पहिली कडी भोकाच्या शेजारून जायची आणि कड्यांचा छेद अशा जागी होता की अंगठ्याजवळ त्या भोकाच्या दिशेने उलगडायच्या. पाच-सहा फेरे झाले की भोकाची कड लेनवर आपटायची. सेकंदाला पाच-सहा टक.

त्या गृहस्थांनी मला दुसऱ्या एका ड्रिलरकडे पाठवलं. छोटी खोली, एका बाजूला ड्रिल प्रेस, जमिनीवर रंगीत भुगा, आणि ड्रिलरच्या बोटांना रेझिनचा गोडसर वास. त्याने बॉलकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. "अंगठा आत सोडा. दाबू नका, नुसता सोडा." मोजण्याच्या बॉलमध्ये अंगठा घालून त्याने माझी बोटं सैल पसरली, सांध्यापाशी पेन्सिलने खूण केली. अंगठ्याच्या बुडाला घट्टा होता, त्यावर आपलं बोट फिरवून म्हणाला, "हे भोक लहान होतं, आणि स्पॅन मोठा. तुम्ही इतके दिवस बॉलला लोंबकळताय." मग टेपचा तुकडा हातात देऊन मला लेनवर पाठवलं. सहा फेकी झाल्या. सहाव्या फेकीला ठिपका स्थिर राहिला. त्याने ग्रीस पेन्सिलने तिथे फुली मारली, पट्टीने मापं घेतली आणि कागदावर तीन आकडे लिहिले.

जुनी भोकं रेझिन ओतून भरली. ती सुकायला एक दिवस गेला. पिन आधी माझ्या अक्षबिंदूपासून चार इंचांच्या आसपास पडली होती, ती त्याने पाचवर नेली, म्हणजे कड्यांमधलं अंतर साधारण पावपट कमी झालं. छेदाची जागाही अशी फिरवली की अंगठ्याजवळ कड्या भोकापासून दूर उलगडतील. नव्या भोकांच्या कडा हाताने घासून गोल केल्या. त्याला अर्धा तास लागला, आणि एवढा वेळ त्याने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॉल टाकला. अर्ध्या लेनपर्यंत गुपचूप गेला आणि पुढेही गुपचूपच गेला. कोरड्या भागात शिरल्यावर डावीकडे वळला तेव्हा फक्त लेनवर लोळणाऱ्या वजनाचा जाड, सलग आवाज ऐकू आला. दोन पिना उभ्या राहिल्या. बॉल वर आला, तो मी फडकं न लावता दिव्याखाली धरला. कड्या अंगठ्याच्या भोकाच्या काठापासून अर्धा इंच दूर, एकीशेजारी एक. मी त्या मोजल्या. तेरा होत्या.